कोळशाच्या थरातून वायूबरोबर येणारं पाणी: टीडीएस मर्यादेत आहे म्हणून शेताला द्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा. दापोलीत कृषी अभियांत्रिकी शिकलेला, खाडीकाठच्या खारजमिनीच्या गावातला एक तरुण मध्य प्रदेशात शहडोलकडे कोळशाच्या थरातला मिथेन काढणाऱ्या क्षेत्रावर पाण्याचं काम बघायला रुजू झाला आहे. वेलमधून, म्हणजे वायूसाठी पाडलेल्या खोल विहिरीतून, निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) लिटरला 1190 मिलिग्रॅम आला. सोडण्याची मर्यादा 2100 आहे. आजूबाजूचे शेतकरी पाणी मागताहेत आणि वरिष्ठांच्या मते द्यायला हरकत नाही. तो विचारतो, "काका, आमच्या खारात भरतीचं पाणी शिरलं तरी एकदोन पावसाळ्यांत जमीन धुऊन निघते आणि भात होतं. मग एवढ्या गोड पाण्याला का घाबरायचं? आणि आरओ (दाबाने पडद्यातून पाणी गाळून क्षार वेगळे करणारं यंत्र) बसवला तर रिजेक्टचं, म्हणजे मागे उरणाऱ्या दाट खाऱ्या पाण्याचं, काय करायचं?"

आधी सरळ उत्तर देतो: ते पाणी आहे तसं शेताला देऊ नकोस. शेतकरी हातापाया पडले तरी नको. त्यांची गरज खरी आहे आणि पाणी डोळ्याला स्वच्छ दिसतं, म्हणूनच हे काम अवघड आहे.

तू पाठवलेल्या अहवालातले बाकीचे आकडे बघ. सोडियम 500, कॅल्शियम 8, मॅग्नेशियम 4, बायकार्बोनेट 1200, क्लोराइड 90, फ्लोराइड 2.6. मिलिग्रॅममध्ये हे आकडे नुसते शेजारी शेजारी बसलेले दिसतात, त्यांचं नातं कळत नाही. म्हणून मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे वजनाऐवजी आयनांच्या विद्युतभाराच्या मापात, काढ. सोडियम सुमारे 21.7, कॅल्शियम 0.4, मॅग्नेशियम 0.33, बायकार्बोनेट 19.7. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या बेरजेचा अर्धा घेऊन त्याचं वर्गमूळ काढलं आणि त्याने सोडियमला भागलं की एसएआर, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियमचा जोर, मिळतो. तुझ्या पाण्याचा एसएआर 36 येतो. साधारण 10च्या आत असेल तर निर्धास्त, 26च्या पुढे गेला की पाणी सिंचनातून बाद, असा आपल्याकडे ढोबळ नियम आहे. आता बायकार्बोनेटमधून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वजा कर. उरतो तो आरएससी, म्हणजे शिल्लक राहिलेलं बायकार्बोनेट. तो 2.5च्या वर गेला की पाणी शेतीला नको म्हणतात, आणि तुझा जवळजवळ 19 आहे. सोडियमची टक्केवारी 97. जमिनीवरच्या तेल-वायू उत्खननातलं पाणी सोडताना टीडीएस 2100 आणि क्लोराइड 600 या मर्यादा आहेत तशीच सोडियमची 60 टक्क्यांचीही आहे. म्हणजे एकाच कागदावर दोन ओळी पास आहेत आणि तिसरी सपशेल नापास. फ्लोराइडची 1.5 ची मर्यादाही ओलांडलेली आहे. अहवाल वाचताना टीडीएसच्या ओळीवर थांबायचं नाही.

टीडीएसच्या आकड्यात आणखी एक फसगत आहे. प्रयोगशाळा पाणी आटवून उरलेला क्षार तोलते. आटवताना बायकार्बोनेटचा जवळजवळ अर्धा भाग वायू आणि वाफ होऊन निघून जातो, मागे कार्बोनेट उरतं. तुझ्या पाण्यातल्या आयनांची बेरीज 1800च्या घरात आहे आणि आटवून उरतात ते 1190. बायकार्बोनेटी पाणी टीडीएसमध्ये नेहमी असं हलकं दिसतं.

हे पाणी असं का असतं? कोळशाच्या पृष्ठभागावर मिथेन चिकटून बसलेला असतो आणि थरातल्या बारीक भेगांमधलं पाणी त्याला दाबून धरतं. पाणी उपसलं, दाब उतरला, की वायू सुटतो. म्हणून पहिल्या काही महिन्यांत पाणी फार आणि वायू थोडा, पुढे वायू वाढतो आणि पाणी घटत जातं. हे पाणी फार काळ हवेविना कोळशाच्या सहवासात राहिलेलं असतं. सल्फेट जिवाणूंनी संपवलेलं असतं आणि बायकार्बोनेट वाढलेलं. त्यामुळे कॅल्शियम चुन्याच्या रूपात खाली बसतं किंवा चिकणमातीशी अदलाबदल होऊन त्याच्या जागी सोडियम येतं. कॅल्शियम नाही, म्हणून फ्लोराइडला अडवायलाही कुणी नाही, ते पाण्यातच राहतं. अमेरिकेतल्या पावडर रिव्हर खोऱ्यात असो, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये असो की आपल्याकडच्या गोंडवाना कोळशात, खारेपणा कमीजास्त होतो, पण सोडियम-बायकार्बोनेटचा हा साचा पुन्हा पुन्हा भेटतो.

आता तुझ्या खारजमिनीच्या प्रश्नाकडे येतो. प्रश्न चांगला आहे आणि कोकणातल्या माणसालाच सुचेल असा आहे.

समुद्राच्या पाण्याचा एसएआर काढलास तर तो 60च्या जवळ येतो, म्हणजे तुझ्या वेलच्या पाण्यापेक्षा जास्तच. तरी बांध फुटून खाजणात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत) भरती शिरली की जमीन कायमची मरत नाही. बांध दुरुस्त करायचा, उघाडी (बांधातली पाणी सोडायची वाट) नीट करायची, पावसाचं पाणी साठवून ओहोटीला सोडून द्यायचं, आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने दिलेल्या पनवेल-1, पनवेल-2 सारख्या खारं सोसणाऱ्या जातींचं भात लावायचं, हे आपल्याकडे चालत आलं आहे. हे जमतं त्याची कारणं दोन. समुद्राचं पाणी इतकं खारं असतं की त्या क्षारांच्या दाटीत मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, फुटत नाहीत. आणि त्याच पाण्यात लिटरला सुमारे 400 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. पाऊस मीठ धुतो तेव्हा हे दोघे सोडियमची जागा घ्यायला हजर असतात. शिवाय कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि धुतलेलं मीठ खाडीत जातं, जिथून आलं तिथेच.

वेलच्या पाण्यात यातलं काहीच नाही. खारेपणा बेताचा, म्हणजे माती धरून ठेवायला पुरेसे क्षार नाहीत. कॅल्शियम नावापुरतं. आणि बायकार्बोनेट जमिनीतलं मूळचं कॅल्शियमसुद्धा चुना करून बसवतं, म्हणजे पाण्यातला एसएआर 36 असला तरी मातीत तो हळूहळू त्याहून वर चढतो. उन्हाळ्यात पाणी देत राहिलास तर पीक हिरवंगार दिसेल, शेतकरी खूश होईल. पहिल्या पावसात क्षारांची उरलीसुरली दाटी उतरली की चिकणमातीचे कण सुटतात, रंध्रं बुजतात, वर पपडी धरते आणि पाणी मुरेनासं होतं. आपल्या खारात जो पाऊस औषध ठरतो तोच तिथे घाव घालतो. काळ्या भारी जमिनीत हे सर्वांत लवकर घडतं, हलक्या तांबड्या जमिनीत उशिरा. आपल्या कातळावरच्या जांभ्याच्या मातीत केओलिन आणि लोह जास्त, ती फुगत नाही, त्यामुळे ती थोडी तग धरेल. पण शहडोलच्या शेतकऱ्याला जांभ्याच्या हिशोबाने पाणी देता येणार नाही. त्याच्या शिवारातली माती आधी तपासून घे.

"जिप्सम टाकून देऊ" असं तुला कुणीतरी सांगेलच. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. हिशोब करून बघ. एक मिलिइक्विव्हॅलंट भरून काढायला हजार लिटरला 86 ग्रॅम शुद्ध जिप्सम लागतं. तुझा आरएससी 19 वरून 2.5 वर आणायचा तर हजार लिटरला सुमारे 1.4 किलो. रोज 10 लाख लिटर पाणी धरलं तर रोज 1.4 टन. ते सावकाश विरघळतं, त्यातलं बरंच कॅल्शियम बायकार्बोनेटशी जुळून चुना होऊन बसतं, आणि जे विरघळून राहतं त्याने टीडीएस 2100च्या वर जाऊ शकतो. आधी सल्फ्युरिक आम्ल देऊन बायकार्बोनेट मोडायचं आणि मग जिप्सम द्यायचं, हा मार्ग जास्त खरा आहे. पावडर रिव्हर खोऱ्यात गंधक जाळून आम्ल करण्याची यंत्रं यासाठीच वापरली गेली. पण त्यातही सोडियम कुठेच जात नाही, ते शेतातच राहतं. आरएससी 4-5 असेल तर मी जिप्समचा विचार करीन. 19 ला नाही.

म्हणजे आरओकडे यावं लागतं, आणि तिथे दोन गोष्टी लोक विसरतात. पहिली, आरओचं शुद्ध पाणीसुद्धा थेट शेताला द्यायचं नसतं. त्यात समजा सोडियम 20 मिलिग्रॅम उरलं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ शून्य झालं, तर एसएआर पुन्हा 12च्या आसपास जातो, आणि क्षार तर नाहीतच. माती फोडायला याहून सोयीचं पाणी नाही. म्हणून त्यात चुना किंवा जिप्सममार्फत कॅल्शियम परत घालून मगच ते नळीत सोडायचं. क्वीन्सलंडमधले मोठे प्रकल्प हेच करतात, तिथल्या चिंचिला भागात शुद्ध केलेलं पाणी नळाने सिंचनासाठी दिलं जातं.

दुसरी गोष्ट पडद्याच्या आयुष्याची. कोळशाची भुकटी, हवा लागताच गंजासारखं बसणारं लोह, सिलिका, बेरियम, आणि पाणी साठवायच्या उघड्या तळ्यात वाढणारं शेवाळ ही सगळी पडदे मारणारी मंडळी आहेत. बेरियमवर खास लक्ष ठेव. वेलच्या पाण्यात सल्फेट नसल्यामुळे ते निवांत विरघळलेलं असतं. आम्ल म्हणून सल्फ्युरिक वापरलंस किंवा दुसऱ्या सल्फेटयुक्त पाण्यात मिसळलंस की बेरियम सल्फेटचा थर बसतो आणि तो कुठल्याही नेहमीच्या धुलाईने निघत नाही. बेरियम बरंच असेल तर हायड्रोक्लोरिक आम्ल घे.

आता रिजेक्ट. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बहुतेक आराखडे इथेच अर्धवट असतात. रोज 10 लाख लिटर आणि 1190 टीडीएस म्हणजे रोज जवळजवळ 1.2 टन क्षार जमिनीवर येतात, वर्षाला 430 टन. आरओने यातला एक किलोही कमी होत नाही. 80 टक्के पाणी शुद्ध मिळालं तर उरलेल्या 2 लाख लिटरमध्ये तेच क्षार पाचपट दाट होऊन बसतात. पाण्याचा आराखडा लिहायला बसशील तेव्हा पहिलं पान या मिठाचं असू दे: किती, कुठे, कुणाच्या ताब्यात, आणि विहिरी बंद झाल्यावर कोण बघणार. पाणी कुठेही खपतं. मिठाला पत्ता लागतो.

बाष्पीभवनाची तळी सगळ्यांना स्वस्त वाटतात. रोजच्या 2 लाख लिटरचे वर्षाला 73 हजार घनमीटर होतात. पाऊस वजा जाता निव्वळ बाष्पीभवन वर्षाला अर्धा मीटर मिळालं असं धरलं तरी साडेचौदा हेक्टर, म्हणजे छत्तीस एकर पाण्याचा पसारा लागतो, तोही तळाला लायनर (पाणी गळू न देणारं अस्तर) टाकून. उरण-पेणकडचा मिठागरवाला पाऊस यायच्या आत मीठ उचलून मोकळा होतो. तुझं तळं मात्र भर पावसात भरलेलंच असणार आणि त्याला उघाडी काढून देता येणार नाही. म्हणून तळ्याची उंची ठरवताना सरासरी पाऊस धरू नकोस, त्या भागातला सर्वांत जोराचा सलग पाऊस धर, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तळं रिकामं ठेवण्याची तारीख लेखी ठरवून घे. लायनरखाली गळती कळण्यासाठी निचऱ्याचा थर आणि तपासणीची कुंडी हवीच. क्वीन्सलंडने 2010पासून बाष्पीभवन तळी हा मुख्य मार्ग म्हणून बंद केली. 2012च्या धोरणात आधी पाण्याचा उपयोग, मग विल्हेवाट, आणि मिठाच्या बाबतीत आधी उपयुक्त क्षार काढता येतात का ते बघणं, असा क्रम लावला. तुझ्या रिजेक्टमधून खायचं मीठ निघणार नाही, त्यात मुख्य माल सोडा आहे. तो विकण्याजोगा शुद्ध करायला ऊर्जा लागते आणि एवढ्या मालाला भाव मिळेलच असं नाही. पण जवळपास सोडा वापरणारा कारखाना असेल तर चौकशी आत्ताच कर, तळं भरल्यावर नको.

खोल जिरवण, म्हणजे पाणी खालच्या थरात दाबून सोडणं, हा मार्ग अमेरिकेच्या सॅन हुआन खोऱ्यात मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. तिथलं पाणी पुष्कळ खारं आणि खाली ते झेलणारे थर आहेत. अलाबामाच्या ब्लॅक वॉरियर खोऱ्यात पाणी परवान्याने नदीत सोडतात, कारण नदीला वाहतं पाणी आहे. पावडर रिव्हरमध्ये पाणी त्या मानाने गोड, म्हणून नाले, तळी आणि शेती हा मार्ग निघाला, आणि मग खालच्या शेतकऱ्यांच्या जमिनींसाठी मोंटाना राज्याला 2003 मध्ये नदीच्या पाण्याला एसएआरची आणि विद्युतवाहकतेची मर्यादा घालावी लागली. दुसऱ्याचा मार्ग उचलताना त्याची नदी आणि त्याचे थर आपल्याकडे आहेत का, हे आधी बघायचं. जिरवायचं असेल तर खालच्या थरातलं पाणी आपल्या पाण्यापेक्षा वाईट असायला हवं, दोन्ही पाणी मिसळून काय बसतं ते प्रयोगशाळेत बघायला हवं, आणि हवा लागलेलं पाणी खाली जाता कामा नये, नाहीतर लोह आणि जिवाणू वेलचं तोंड बुजवतात.

नदीचं म्हणशील तर शोण आणि तिचे नाले पावसाळ्यात पोटभर वाहतात आणि उन्हाळ्यात नाले आटतात. परवाना वर्षभराच्या सरासरीवर मागू नका, महिन्यामहिन्याच्या प्रवाहावर मागा. कोरड्या नाल्यात बारमाही वेलचं पाणी सोडलं तर तो नाला म्हणजे तुमचंच सांडपाणी, त्यात मिसळायला दुसरं काही नाही. जास्त सोडियम बायकार्बोनेट माशांच्या पिल्लांना बाधतं हे पावडर रिव्हर खोऱ्याच्या संदर्भात केलेल्या चाचण्यांत दिसलेलं आहे. "आपल्याकडे असतं तर समुद्रात सोडलं असतं," असं तू शेवटी लिहिलं आहेस. तेही इतकं सोपं नाही. बायकार्बोनेटी पाणी समुद्राच्या कॅल्शियमला भेटलं की चुन्याचा पांढरा साका बसू शकतो, आणि तो बसणार कुठे, तर खाडीच्या तोंडाशी, जिथे कालवं आणि तिसऱ्या (शिंपले) असतात. दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांनी कारखान्यांच्या पाण्याबद्दल किती वर्षं तक्रारी केल्या हे तुला माहीत आहे. आणि तसंही कोकणात जांभा आणि बेसाल्टखाली असे कोळशाचे थर नाहीत. रत्नागिरीकडे लिग्नाइटचे पातळ पट्टे सापडतात तेवढेच.

नमुना घेण्याबद्दल थोडं. तू पाठवलेला नमुना तळ्यातला आहे की वेलच्या तोंडाशी घेतलेला, ते लिहिलेलं नाही. फरक पडतो. तळ्यात कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच 8च्या खालून 9कडे सरकतो, उरलंसुरलं कॅल्शियम बसतं आणि एसएआर आणखी चढतो. म्हणून पीएच, तापमान, वाहकता आणि अल्कलिनिटी जागेवरच मोज. धातूंसाठीची बाटली 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून भर आणि नायट्रिक आम्ल घाल, नाहीतर लोह बाटलीच्या तळाशी राहील आणि अहवालात शून्य येईल. फ्रॅक्चरिंग (दाबाने पाणी घालून थराला भेगा पाडणं) नुकतंच झालेल्या वेलचं सुरुवातीचं पाणी वेगळ्या टाकीत घे, त्यात वरून घातलेली रसायनं परत येतात. ते नेहमीच्या पाण्यात मिसळलंस तर दोन्ही बिघडतात. प्रत्येक वेलचं पाणी वेगळं असतं आणि वयाप्रमाणे बदलतं, त्यामुळे एका मिसळलेल्या नमुन्यावर प्रकल्प उभा करू नकोस.

आणि जिवाची गोष्ट. सेपरेटरमधून (वायू आणि पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यातून) आलेल्या पाण्यातही मिथेन विरघळलेला असतो आणि तो टाकीत सुटतो. हवेत 5 ते 15 टक्के झाला की ठिणगीची वाट बघतो. बंद टाकीला वर झरोका हवा, आणि गॅस डिटेक्टर व ऑक्सिजनची मोजणी केल्याशिवाय कुणालाही आत उतरू द्यायचं नाही. कंत्राटी मुलगा घाईत असला तरी नाही.

गावाबद्दल शेवटचं. पाणी नितळ आहे, उन्हाळ्यात ढोरं त्या तळ्यावर येणार आणि बायका घागरी घेऊन येणार. फ्लोराइड 2.6 आहे, तेव्हा कुंपण हवं, हिंदीत फलक हवा, आणि ढोरांना प्यायला वेगळं चांगलं पाणी तुमच्याच खर्चाने ठेवायला हवं. फलक लावून तहान थांबत नाही. आसपासच्या घरगुती विहिरी आणि हातपंप यांची पातळी, क्षार आणि मिथेन नवीन वेल चालू होण्याआधी मोजून ठेवा आणि ते आकडे ग्रामपंचायतीला द्या. पुढे कुणाची विहीर आटली तर भांडण अंदाजावर होणार नाही. ज्या शेतकऱ्यांनी तळ्याचं पाणी आधीच थोडंफार घेतलं असेल, त्यांच्या शेतातले मातीचे नमुने पाऊस सुरू होण्याआधी 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंटिमीटर अशा दोन थरांतून घे आणि विनिमयक्षम सोडियमची, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची, टक्केवारी काढून घे. ती 15च्या जवळ आली असेल तर जिप्सम पाण्यात घालू नकोस, पावसाच्या तोंडावर त्या शेतात घालायला सांग, आणि त्याचा खर्च कंपनीने द्यावा असं तुझ्या टिपणीत स्पष्ट लिही.